ढगातली वही

२०२० साली करोनापायी शाळा बंद झाल्या नि आमच्या थळच्या ओटीवर सौ.चा वर्ग भरू लागला. कागद म्हणे ढगात ठेवायचे! तिथून गुगल क्लासरूममध्ये जोडताना यंत्र विचारतं : मुलांनी नुसतं पाहायचं, सगळ्यांनी त्यातच लिहायचं, की प्रत्येकाला वेगळी प्रत? आम्हां बँकवाल्यांना यात नवल नाही. लेजर गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं नसतं. पासबुक ज्याचं त्याला! पण नवऱ्याचं ऐकेल ती मास्तरीण कसली? तिनं मधलंच निवडलं. तासाभरात एकाच प्रश्नपत्रिकेवर अख्खा वर्ग तुटून पडला. याचं उत्तर त्यानं खोडलेलं. कोळीवाड्यातल्या एका पोरीचं मात्र अक्षरही नव्हतं. नारळी पौर्णिमा झालेली, घरातला एकुलता फोन बापाबरोबर होडीतून खांदेरीकडे गेलेला.

"अहो, तिची प्रत..." सौ. म्हणाली.

मी पाठकोरे कागद घेतले, प्रश्न सुवाच्य अक्षरात उतरवले आणि सायकल काढली.