विरजण

प्रिय ताई,


परवा फोनवर तू "कशी आहेस गं?" विचारलंस आणि मी "बरी आहे" म्हणून फोन लगेच ह्यांच्या हातात दिला. आणखी एक शब्द बोलले असते तर रडूच आलं असतं. म्हणून आज लिहायला बसले. रात्रीचे अडीच वाजलेत. या आठवड्यात शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आहे, मोटर चालू आहे, तेव्हा झोप अशीही नाहीच.

आपल्या माहेरी थंडी म्हणजे स्वेटर आणि भाजलेल्या शेंगा. इथे निफाडला थंडी म्हणजे बाग. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पाऱ्याचा आकडा सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतो. चार दिवस तो ५ अंशांच्या खाली आहे. २०१८ च्या डिसेंबरात २ अंशांच्याही खाली गेला होता, बागेत दव गोठलं होतं. ते आठवतं म्हणून आमच्या घरात हल्ली तो आकडा कोणी मोठ्याने वाचत नाही.

ऑक्टोबरची छाटणी होऊन तीन महिने झाले. मण्यात पाणी उतरायची हीच वेळ. आत्ता गारठा पडला की मण्याची फुगवण थांबते, साल ताठरते आणि दिवस वर येऊन ऊन लागलं की मणी तडकतो. एक तडकला की त्याचा रस शेजारच्यांना लागतो आणि घड नासतो. न तडकला तरी रात्रीचा गारठा आणि दुपारचं ऊन यांत हिरव्या मण्यावर गुलाबी झाक येते. खायला तितकाच गोड, पण निर्यातीला कोणी घेत नाही. म्हणून घडांना कागद लावलेत, चार-पाच ओळींमागे एक शेकोटी पेटवलीय आणि पहाटे ठिबक सोडतो. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं, तेवढीच मुळांना ऊब. यंदा बाग जाऊन चालणार नाही. मागच्या हंगामात एका व्यापाऱ्याने माल नेऊन निम्मे पैसे बुडवले, सोसायटीचं कर्ज त्यामुळे अजून तसंच आहे. काल सकाळी विहिरीकडच्या बाजूचे तडकलेले घड कापले. सहा पाट्या भरल्या. हे काही बोलले नाहीत. कात्री धुतली, पुसली आणि खुंटीला अडकवली.

त्यात सासूबाईंचा दमा. बाग वाचवायची तर धूर हवा, आणि धूर घराकडे वळला की त्यांचा जीव घाबरा होतो. तीन रात्री त्यांना मागच्या खोलीत झोपवतेय, दाराच्या फटीत गोधडी खुपसून. तासातासाने जाऊन वाफ देते. इकडे शेकोटीत काटक्या टाकायच्या आणि तिकडे त्याच धुराला दार लावायचं, असं चाललंय बघ.

तरी ताई, या आठवड्यात मी हसले आहे. तुला तेच सांगायचं होतं.

सासूबाईंनी ट्रंकेतून मामंजींची जुनी माकडटोपी काढली. घातली, आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "गेल्यापासून आज पहिल्यांदा दिसले." आम्ही सगळे गप्प. मग त्या स्वतःच हसायला लागल्या, खोकला येईपर्यंत हसल्या. ती टोपी आता दिवसाही उतरत नाही.

मजूर सुरगाण्याकडचे आहेत, दर वर्षीचेच. त्यांच्या झोपडीला भिंती म्हणून प्लास्टिकचा कागद आणि आत सात महिन्यांचं बाळ. सोमवारी रात्री ते पाहिलं आणि मला फार लाज वाटली. एकेका घडाला कागद गुंडाळताना त्या बाळाचा विचार माझ्या मनात आला नव्हता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ट्रॅक्टरच्या खोलीत आणलं. आता रात्री एकाच शेकोटीशी बसतो. बाळाची आई नागलीच्या भाकरी निखाऱ्यावर शेकते, मी लसणाची चटणी नेते, मुलं हरभऱ्याचा हुळा भाजतात. हुळा सोलून सगळ्यांच्या गालांना काजळी लागते आणि ते बाळ काजळी लागलेला चेहरा दिसला की खदखदून हसतं. काल रात्री बारा वाजता, बोटांना जाणीव नसताना, दहा-बारा मोठी माणसं आळीपाळीने नाकाला काजळी लावून त्याच्यासमोर वाकत होती. हेसुद्धा. कात्री खुंटीला लावल्यापासून ह्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

रविवारी दुपारी हे म्हणाले, "दोन तास मी बघतो, पोरांना घेऊन जा." नांदूरमधमेश्वरला गेले. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला बंधारा, तुला आठवत असेल. २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा जाहीर झाला, महाराष्ट्रात पहिला. पाण्यावर थापट्या, तलवार बदकं, वारकरी, नुसती दाटी. दुर्बीण धरून उभ्या असलेल्या गावातल्या मुलाने सांगितलं की यांतली बरीच थंडीला कंटाळून सैबेरियाकडून येतात, तिकडे तळीच गोठतात. धाकट्याने माझ्या शालीत शिरत विचारलं, "मग यांना इथे उकडत असेल का?" ताई, मी तिथल्या पक्षी बघायच्या मनोऱ्याच्या पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. किती दिवस ते पाणी अडलं होतं कोण जाणे.

येताना आमचा गहू पाहिला. ओंबी अशी टपोरी निघालीय की हात फिरवावासा वाटतो. द्राक्ष तडकवणारी थंडी गव्हाला मानवते. बांधाच्या अलीकडे बघवत नाही म्हणून मी रोज थोडा वेळ पलीकडे जाऊन उभी राहते.

आणि एक. चार दिवस घरात दही लागत नव्हतं. विरजण घातलेलं दूध सकाळी तसंच्या तसं. काल सासूबाई म्हणाल्या, "आण इकडे." त्यांनी भांडं फडक्यात बांधलं, वर गोधडी गुंडाळली आणि आपल्या अंथरुणात पायथ्याशी घेऊन झोपल्या. रात्री वाफ द्यायला गेले की आधी विचारायच्या, "हललं नाही ना गं?" आज सकाळी झाकण काढलं तर घट्ट दही, सुरी फिरवली तर वडी निघेल असं. घरभर वाटी फिरली, ट्रॅक्टरच्या खोलीतही गेली.

भोगीला तिळाची भाकरी आणि असंच दही करणार आहे. तुला जमलं तर ये. आलीस तर तुझी जाड शाल आण, माझी धाकट्याने बळकावलीय.

मोटरचा आवाज थांबला. वीज गेली बहुतेक. बघून येते.

दाजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी