हुक की गोळा?

आमच्या रायडिंग क्लबला गेल्या हिवाळ्यात दोन घोड्यांचा ट्रेलर मिळाला. ओढायला पिकअप गाडी होतीच. दोन्ही कशाने जोडायचे, एवढेच ठरायचे होते. मला त्याची विशेष काळजी होती, कारण माझी घोडी बिजली. भाड्याच्या ट्रकमधून येताना एकदा तिचे दोन्ही गुडघे सोलले होते. तेव्हापासून रॅम्प दिसला की ती पाय रोवून उभी राही.

माझे बाबा तोफखान्यातले. फोनवर विचारले तर क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "पिंटल हुक घे. जबडा बंद केला, पिन घातली की खड्डा असो की नाला, सुटायचा नाही." खरेच आहे. लष्करी गाड्यांच्या मागे हाच हुक दिसतो. गाडी एकीकडे आणि ट्रेलर दुसरीकडे कलला तरी कडी हुकात फिरते.

आमच्या उस्तादांचे मत वेगळे पडले. त्यांना बॉल हिच हवी होती. म्हणजे गाडीला पोलादी गोळा आणि त्यावर टोपीसारखा बसणारा ट्रेलरचा कपलर.

ट्रेलरच्या दांड्याचे टोक बोल्टने बसवलेले असल्यामुळे कडी आणि कपलर दोन्ही लावून पाहता आले. घोड्यांच्या जागी आम्ही ५० किलोची १८ वाळूची पोती भरली आणि मध्ये पाण्याने अर्धी भरलेली बादली ठेवली. मैदानाला एक फेरी हुकावर, एक गोळ्यावर. हुकात कडीला थोडी मोकळी जागा असते, त्यामुळे ब्रेक लागला की ट्रेलर पुढे आदळतो आणि गाडी सुटली की मागे खेचला जातो. पहिल्या फेरीत बादलीभोवती डबके झाले. दुसऱ्या फेरीत फक्त चार शिंतोडे उडाले.

मग हिशेब मांडला. रिकामा ट्रेलर ९०० किलो, दोन घोडे ९००, खोगीर, चारा, पाणी १०० किलो. एकूण १९००. गाडी, तिच्यावरचा ब्रॅकेट, गोळा आणि कपलर या प्रत्येकाची क्षमता वेगळी असते. त्यांतला सर्वांत लहान आकडा हीच खरी मर्यादा. गोळा आणि कपलर एकाच मापाचे हवेत, कारण लहान गोळ्यावरून कपलर उडून निघू शकतो. पुढच्या टोकावर किती भार येतो तेही पाहावे लागते. तो फार कमी असला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलतो. फार जास्त असला तर गाडीची मागची बाजू बसते आणि स्टिअरिंग हलके पडते.

आता निघण्यापूर्वीची तपासणी आम्ही कॅडेट पाळीने करतो. कपलर लॉक केल्यावर जॅकने दांडा थोडा वर उचलायचा. गाडीचा मागचा भागही सोबत उचलला गेला, तर पकड पक्की. सुरक्षेच्या साखळ्या दांड्याखालून एकमेकींना ओलांडून लावायच्या. कपलर निघालाच तर दांडा रस्त्यावर न पडता त्यांच्या झोळीत पडतो. ब्रेकअवे केबल वेगळी अडकवायची, दिवे पाहायचे. घोडा एकच असेल तर त्याला उजवीकडे उभा करायचा, कारण रस्ता डाव्या कडेला उतरता असतो.

बाबांना बादलीची गोष्ट सांगितली. ते हसले. "तोफेला झटका बसला तर तोफ बोलत नाही रे. तुमचे उस्ताद बरोबर आहेत."

घोडाही बोलत नाही. त्याला पुढचे वळण दिसत नाही, ब्रेक कधी लागेल ते कळत नाही. चार पायांवर तोल सांभाळत तो आपल्या भरवशावर उभा असतो. हिच निवडताना गाडीला काय शोभते ते दुय्यम आहे. मागे कोण उभे आहे, ते आधी पाहावे.

बिजली रॅम्पवर अजूनही थबकते. पण साठ किलोमीटरवरच्या स्पर्धेला ती पोहोचली, तेव्हा तिची मान कोरडी होती आणि गुडघ्यांवर एकही ओरखडा नव्हता.