कुंडीतला सिल्व्हर ओक

माझे वडील लोणावळ्यात एका बंगल्यावर माळी होते. आवारातली सिल्व्हर ओकची झाडे त्यांनी पाणी घालून वाढविली. सावलीत टेकायची मुभा मात्र नव्हती. त्याच झाडांच्या बियांपासून झालेले एक रोप आज आमच्या दोन खोल्यांत कुंडीत आहे. पाहुणे विचारतात, "हा नेचा का?" रास्त प्रश्न! कोवळी पाने तशीच नक्षीदार, खालून रुपेरी. झाड मूळचे पूर्व ऑस्ट्रेलियाचे, सदाहरित. खऱ्या ओकशी नाते काही नाही. दक्षिणेतल्या चहा-कॉफीच्या मळ्यांत ते सावलीसाठी लावतात आणि मोकळ्या जमिनीत शंभर फूटही जाते.

भगिनींनो, कुंडी खिडकीच्या उजेडात ठेवा. आपल्या मावळातल्या पावसाळ्यात हवाच ओली, तेव्हा माती बोटाने चाचपून वरून कोरडी लागली तरच पाणी घाला, नाहीतर मुळे कुजतात. सुपर फॉस्फेट मुळीच नको. याची मुळे नापीक मातीतून स्फुरद ओढणारी, जास्तीने पाने पिवळी पडतात. पाने हाताळून काहींना खाज सुटते, पोरांना जपा.

काही वर्षांनी खालची पाने गळून शोभा जाते. मग जमीन हवी, ती आमच्याकडे नाही. सौ. म्हणते, देऊन टाका. आई ऐकत नाही. "त्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या अंगणात लावली," एवढेच म्हणते.

शेंडा छताला टेकायला वीतभर उरला आहे. समाजमंदिरामागे मोकळी जागा आहे. कारकून माणूस, लेखी अर्ज दिला आहे.