कर्ज आणि मांडव

बोदवडच्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने लग्न ठरताच घर घेतले. कर्ज 20 लाख, व्याज शेकडा 9, मुदत 20 वर्षे. पहिल्या 17,995 रुपयांच्या हप्त्यात मुद्दल फिटते ते अवघे 2,995! हे ध्यानी येताच तो आणि त्याची वाग्दत्त वधू, उभयतां दरमहा 5,000 अधिक भरू लागले. दर न चढल्यास कर्ज 12 वर्षांच्या आतच फिटेल. बदलत्या दराच्या गृहकर्जावरील मुदतपूर्व फेडीचा दंड रिझर्व्ह बँकेने 2012 सालीच बंद केला आहे.

कर्जाची ही धास्ती आम्हांस भूषणावहच वाटते. परंतु दारी मांडव घालावयाचा आहे, आणि वडीलधाऱ्यांस गावजेवण हवे: वरण-बट्टी, वांग्याची भाजी. (हल्ली वाजंत्र्यांहून छायाचित्रकारच महाग, ते निराळे!) साध्या गृहकर्जात भरलेला पैसा बँक परत देत नाही, ऐनवेळी तूट आली तर वैयक्तिक कर्ज काढावे लागेल, आणि त्याचे व्याज अधिक. म्हणून लग्नापर्यंत ते 5,000 बाजूस ठेवावेत, असे आम्ही सुचविले.

यावर ती मुलगी शांतपणे म्हणाली, “सर, पैसा हाताशी दिसला की पंगत वाढते. बँकेत गेला, तर घरच्यांना नाही तरी म्हणता येतं.”

मुलाच्या मातोश्रींची यादी तेव्हा 400 नावांवर आली होती.