पूज्याचे प्रकार

आमच्या लहानपणी घरातली म्हातारी माणसं शून्याला पूज्य म्हणायची. ‘एकावर पूज्य दहा’ अशी उजळणी अंगणात चालायची. एखाद्याला गणितात काही येत नसलं तर ‘त्याचं गणित म्हणजे पूज्य’ असा शेरा मिळायचा. मान द्यावा असाही अर्थ आणि काहीच नाही असाही अर्थ, दोन्ही एकाच शब्दात कसे बसले याचं मला तेव्हापासून कुतूहल. पुढे आयुष्यभर मराठी शिकवलं, पण हा शब्द धड्यात फारसा भेटला नाही. भेटला तो थेट शारजाहून आलेल्या फोनमुळे. दुबईशेजारची शारजा, अमिरातींपैकी एक.

तिथे माझ्या भाच्याची छोटी कंपनी आहे. एसी बसवणे, दुरुस्ती, वार्षिक देखभाल. आठ माणसं कामाला, दोन गाड्या. हा मुलगा २०११ पासून तिकडे आहे आणि तेव्हापासून एकच वाक्य ऐकवत आलाय, ‘मावशी, इथे टॅक्स नसतो गं!’

अगदी खरं सांगायचं तर ते वाक्य तेव्हाही पुरतं खरं नव्हतं. तेल काढणाऱ्या कंपन्या आणि परदेशी बँकांच्या शाखा त्या त्या अमिरातीला कर देतच होत्या. २०१७ च्या ऑक्टोबरात सिगारेटी आणि शीतपेयांवर अबकारी कर आला, १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आला. पण पगारदाराला आणि लहान धंदेवाल्याला आपल्या कमाईवर काही द्यावं लागत नव्हतं, एवढ्यापुरतं ते खरं. मग ३१ जानेवारी २०२२ ला तिथल्या अर्थ मंत्रालयाने जाहीर केलं की कंपन्यांच्या नफ्यावर संघराज्याचा कर येणार. त्याच वर्षी डिसेंबरात कायदा निघाला, २०२२ चा क्रमांक ४७. आणि १ जून २०२३ ला किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून तो लागू झाला. जानेवारी ते डिसेंबर हिशेब ठेवणाऱ्या भाच्याच्या कंपनीचं कराचं पहिलं वर्ष म्हणजे २०२४.

दर ऐकून भाच्याने निःश्वास सोडला होता. करपात्र नफ्याच्या पहिल्या पावणेचार लाख दिरहमांवर शून्य टक्के, त्यावरच्या रकमेवर ९ टक्के. त्याचा नफा होता सव्वादोन लाखांच्या आसपास. म्हणजे कर शून्य. म्हणजे आपला काही संबंध नाही. इथे त्याने पान मिटलं.

आणि २०२५ च्या सुरुवातीला कळलं की दहा हजार दिरहम दंड लागलाय. आपले दोन लाख रुपयांच्या वर. आठ माणसांच्या कंपनीत ही रक्कम म्हणजे दोन कामगारांचे दोन-तीन महिन्यांचे पगार! ताईला तिकडच्या पोलिसांची स्वप्नं पडू लागली. दंड कर न भरल्याचा नव्हताच, कर तर शून्यच होता. दंड होता नावनोंदणी न केल्याचा. परवाना ज्या महिन्यात निघाला त्या महिन्यावरून मुदत ठरलेली. जानेवारी-फेब्रुवारीत निघालेला असेल, मग वर्ष कुठलंही असो, तर ३१ मे २०२४. भाच्याचा परवाना फेब्रुवारीतला.

त्याने मला फोन केला तो सल्ला मागायला नाही, कुरकुर करायला. ‘शून्य म्हणजे शून्य ना गं मावशी? तूच सांग, तू भाषेची बाई.’

आता भाषेची बाई म्हटल्यावर गप्प कशी बसणार? कायद्याची मूळ भाषा अरबी, पण मंत्रालयाने इंग्रजी भाषांतर दिलेलं आहे. कोश मांडीवर घेऊन बसले. मराठीतून बी.ए. झालेल्या बाईने हे वाचावं का, असं कुणी म्हणेल. पण कायदा म्हणजे शेवटी व्याख्याच. ‘अमुक म्हणजे काय’ हे ज्याला नीट सांगता येतं त्याला तो समजतो. शिवाय हिशेब, रक्कम, खर्च, वसूल, मुदत, तपशील हे आपले रोजचे शब्द मुळात तिकडूनच तर आलेत, फारसीच्या वाटेने. जकातसुद्धा. तिकडे ते धर्माने सांगितलेलं दान, आपल्याकडे येता येता नाक्यावरची पावती झालं. (सौदी अरेबियात आजही देशी भागीदारांच्या वाट्यावर जकात आणि परदेशी भागीदारांच्या वाट्यावर २० टक्के प्राप्तिकर अशी विभागणी आहे. अमिरातींच्या या कायद्यात तसं नाही.) उलट दिशेने आपलं शून्य तिकडे गेलं. त्यांनी त्याचा अर्थ बघून ‘सिफ्र’ म्हटलं, म्हणजे रिकामं.

तर या रिकाम्याचे त्या कायद्यात किती प्रकार निघाले म्हणता!

पहिला भाच्याचा. पावणेचार लाखांपर्यंत शून्य टक्के. हे दराचं शून्य आहे. माणूस करदाता आहेच, फक्त त्याच्या पाटीवरचा दर शून्य. म्हणून नोंदणी हवी, वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत विवरणपत्र हवं, कागदपत्रं सात वर्षं जपून ठेवायला हवीत. परीक्षेत शून्य मिळालेला मुलगा आणि पटावर नावच नसलेला मुलगा, दोघांच्या खात्यात गुण नाहीत. पण पहिल्याचं नाव हजेरीत असतं, हे भाच्याला चटकन पटलं. (तो पहिल्या प्रकारातला होता, म्हणून असेल.)

दुसरं शून्य सुटीचं. एखाद्या कंपनीला तिथल्याच दुसऱ्या कंपनीकडून लाभांश मिळाला तर ते उत्पन्न करातून वगळलेलं. इथे दराचा प्रश्नच येत नाही.

तिसरं शून्य तर मला फार आवडलं. परदेशी कंपनीला पैसे देताना देणाऱ्याने आधीच कापून घ्यायचा कर, विथहोल्डिंग टॅक्स. तो कायद्यात आहे, त्याचं कलम आहे, आणि दर शून्य टक्के! देव्हाऱ्यात जागा करून ठेवलीय, मूर्ती अजून आणलेली नाही. मंत्रिमंडळाला वाटेल तेव्हा दर बदलता यावा, एवढ्यासाठी ही जागा.

चौथं शून्य लहान धंद्यांच्या सवलतीचं, स्मॉल बिझनेस रिलीफ. वर्षाची एकूण उलाढाल तीस लाख दिरहमांपर्यंत असेल, त्या वर्षी आणि आधीच्या वर्षीही, तर करपात्र उत्पन्न झालंच नाही असं मानायचं. मानायचं, हं. झालं नाही असं नव्हे. आणि ती सवलत आपोआप मिळत नाही, विवरणपत्रात आपण होऊन मागावी लागते. ३१ डिसेंबर २०२६ ला किंवा त्याआधी संपणाऱ्या वर्षांपुरतीच ती आहे. एक मेखही आहे. तोट्याच्या वर्षी ही सवलत घेतली तर तो तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

माझे वडील शेतकरी. दुष्काळात सारा ‘तहकूब’ झाला की ‘माफ’ झाला, हे ते चावडीवर दोनदा विचारून घ्यायचे. दोन्हीत त्या वर्षी हातातून काही जात नाही. पण तहकूब म्हणजे पुढच्या सुगीला दारात उभा, आणि माफ म्हणजे गेला. अडाणी म्हणवणारी माणसं हा फरक बिनचूक ओळखत, आणि आज वर्तमानपत्रं सूट, माफी, सवलत, वजावट या सगळ्यांना सरसकट ‘करमुक्त’ म्हणून मोकळी होतात. असो.

पाचव्या शून्यापाशी मात्र खरं संकट उभं होतं. दंडाने धसकलेल्या भाच्याला एका सल्लागाराने सुचवलं की कंपनी फ्री झोनमध्ये हलवा, तिथे कर शून्य टक्के. २०२५ चा नफा साडेचार लाखांवर जाईल अशी चिन्हं होती, म्हणजे ९ टक्के आता लागणार, म्हणून घाई करा. नवा परवाना, नवी जागा, सल्लागाराची फी. भाचा आगाऊ रक्कम द्यायच्या बेतात होता.

कायद्यातलं ते शून्य फ्री झोनला नाहीच. ते आहे ‘क्वालिफाइंग’ उत्पन्नाला, पात्र उत्पन्नाला. कुठले व्यवहार पात्र, याची यादी आहे. लोकांच्या घरचे एसी दुरुस्त करणं त्यात नाही. अपात्र उत्पन्न एकूण उलाढालीच्या ५ टक्के किंवा ५० लाख दिरहम, यातलं जे कमी असेल त्याच्या पुढे गेलं की पात्रताच जाते. तीही त्या वर्षापुरती नाही, पुढची चार वर्षंसुद्धा. भाच्याचं जवळजवळ सगळं काम शहरातल्या इमारतींमधलं. म्हणजे फ्री झोनचं भाडं भरायचं आणि कराच्या बाबतीत होतो तिथेच!

आणि ज्या कराला भिऊन हे स्थलांतर चाललं होतं, तो किती? फोनवरच वजाबाकी करायला लावली. साडेचार लाखांतून पावणेचार लाख गेले, उरले पंचाहत्तर हजार. त्याचे ९ टक्के म्हणजे ६,७५० दिरहम. तेही चौथ्या शून्याची सवलत न मागता. त्याची उलाढाल तीस लाखांच्या खूप खाली आहे, सवलत मागितली तर तेवढेही नाहीत. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, ‘नुसत्या परवान्याचेच याहून जास्त मागत होता तो.’ आगाऊ रक्कम दिली गेली नाही.

दंडाचंही नीट झालं. उशिरा नोंदणी केलेल्यांसाठी २०२५ मध्ये सरकारने मुभा दिली, की पहिलं वर्ष संपल्यापासून सात महिन्यांत विवरणपत्र भरा, दंड माफ. त्याच्यासाठी ती तारीख ३१ जुलै २०२५. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातच भरून मोकळा झाला. हे मात्र खरंखुरं माफ, तहकूब नव्हे. ताईने सत्यनारायण घातला.

तेव्हापासून हा मुलगा कायद्यातला एकेक शब्द मला पाठवत असतो. मध्ये ‘रिलेटेड पार्टी’ पाठवला. संबंधितांशी व्यवहार बाजारभावानेच झाला पाहिजे असा नियम, आणि नातं मोजायचं चौथ्या पायरीपर्यंत. वर चढायचं आणि खाली उतरायचं. बाप एक, आजोबा दोन, काका तीन, चुलतभाऊ चार. अजमानमध्ये त्याच्या चुलतभावाची सुट्या भागांची कंपनी आहे, तिथून हा माल उचलतो. आजवर भाव तोंडी ठरायचा, घरातल्या घरात. आता बिलं, आणि इतर दुकानांचे भाव शेजारी लिहून. बायकोला कंपनीतून पगार देतो, त्यातला तिच्या कामाच्या बाजारमोलाएवढाच खर्च म्हणून धरता येतो. ती हिशेब लिहिते, गिऱ्हाइकांचे फोन घेते. तिच्या कामाचं बाजारमोल काढायला बसला तेव्हा लक्षात आलं की आपण तिला फारच कमी देतोय. सूनबाईंचा पगार वाढला. मला फार बरं वाटलं.

परवाचा प्रश्न दिवाळीचा. मोठ्या गिऱ्हाइकांना दरवर्षी फराळाला बोलावतो, २०२६ नंतर सवलत नसेल तेव्हा तो खर्च वजा होईल का? गिऱ्हाइकांच्या पाहुणचाराचा खर्च निम्माच धरतात, असं सांगितलं. म्हणाला, ‘म्हणजे मावशी, चकलीसुद्धा अर्धीच?’