लिस्बनचा पाऊस

नोव्हेंबरात लिस्बनला जाऊ नका, पाऊस असतो, असं लोकांनी बजावलं होतं. पण आम्हां सरकारी कारकुनांना रजा मिळते तेव्हाच जायचं. त्यातून परदेशी जायचं म्हणजे खात्याची परवानगी हवी. चार टेबलं फिरून ती आली तेव्हा नोव्हेंबर उजाडला होता.

बाबांची हरकत वेगळीच होती. "थंय वचून कितें पळेतलो तूं?" एवढंच विचारलं. आजोबा १९५५ मध्ये आग्वादच्या तुरुंगात होते. तेव्हा पोर्तुगालच्या सहलीचं घरात कौतुक होणार नाही, हे ठाऊकच होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस. सिंत्रा रद्द. आपल्या आषाढासारखा कोसळणारा नव्हे, वाऱ्यासोबत आडवा येणारा. छत्री दोनदा उलटी झाली. तिथल्या पदपथांचे पांढरे चुनखडीचे दगड भिजले की साबणासारखे होतात; बायको माझा दंड धरून चालत होती. (एरवी कुठे धरते?) कॉफी घेत बसलो. बाहेर पाणी, आत पावाचा वास. पाव, पगार, चावी, हे शब्द त्यांचेच, आणि तुरुंगही. पाऊस मात्र आपला.

जरा उघडलं म्हणून कार्मोच्या मठात गेलो, तर पुन्हा सर आली. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात या चर्चचं छप्पर कोसळलं, ते नीट परत घातलंच नाही. उघड्या कमानी तेवढ्या आभाळात उभ्या आहेत. पाऊस थेट चर्चमध्ये पडतो. मागच्या छपराखालच्या भागात संग्रहालय आहे, तिथे पेरूहून आणलेल्या दोन ममी आहेत. बायको त्यांना बघून लगेच बाहेर आली, म्हणाली, "त्यापेक्षा पाऊस बरा." मग दाराच्या आडोशाला आम्ही कितीतरी वेळ उभे राहिलो. मला जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टीनचा मनोरा आठवला. तिथलंही छत १८४२ मध्ये पडलं. जूनमध्ये त्या चिऱ्यांवर असंच पाणी ओघळतं, शेवाळ चढतं. खरं सांगतो, त्या दिवसाइतका आनंद मला साऱ्या सहलीत झाला नाही. आणि तो होतोय याची थोडी लाजही वाटत होती.

मठाला लागूनच पोलिसांची बराक आहे. २५ एप्रिल १९७४ ला सालाझारचा वारस मार्सेलो कायतानो तिथेच लपला होता, तिथेच शरण आला. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला दिल्लीत यशवंतराव चव्हाण आणि मारियो सोआरिश यांनी करारावर सह्या केल्या, आणि गोवा भारताचा असल्याचं पोर्तुगालने कागदावर मान्य केलं. मुक्तीनंतर तेरा वर्षांनी! फाईल कुठे किती वर्षं पडून राहते ते मला विचारा.

चौकात गाडीवर चेस्टनट भाजत होते. कागदाच्या पुडीत डझनभर घेतले. चव थेट भाजलेल्या फणसाच्या आठळ्यांची. बोटं काळी झाली.

तिथूनच बाबांना फोन लावला. इथे दुपारचे तीन, घरी साडेआठ.

"कितें पळयलें?"

"पावस," मी म्हटलं.

ते थोडा वेळ गप्प राहिले. पुडीवर थेंब वाजत होते, ते त्यांना ऐकू गेले असावेत.

"हांगाच्या सारको?"

"ना. मातसो थंड."