वाट पाहू नका

‘मुलगे उशिराच बोलतात,’ असं जो तो सांगतो. नातू अडीच वर्षांचा झाला, तरी दोन शब्द जोडत नाही. पाणी हवं असलं की माझं बोट धरून माठापाशी नेतो. दिवसभर सोफ्यावरून खिडकीत, खिडकीतून ओट्यावर. जेवायलाही एका जागी बसत नाही. त्याला द्वाड म्हटलेलं मला सहन होत नाही. मनातलं सांगता येत नसेल, तर जीव कासावीस होणारच. डॉक्टरांनी आधी कान तपासायला सांगितले. बरोबरच आहे, नीट ऐकू आलं नाही तर बोलणं येणार कुठून? त्याला मोबाइल दाखवणं बंद केलंय. भाजी निवडताना त्याच्याशी बोलत राहते.

आई-बाबांनो, दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी मोफत होते. अंगणवाडीत विचारा.